ज्याची पाठ, त्याची सेवा

माकारिओला जाऊन वर्ष झालं म्हणून ठेवलेल्या मिस्सेला आबुंदिओ उशिरा आला, पण जेवायला अगदी वेळेवर आला. चर्चमध्ये शेवटची प्रार्थना चालू असताना तो दारात उभा होता, हॅट हातात. माकारिओच्या बायकोच्या, ओतिलियाच्या अंगणात मिरच्यांच्या दाट रश्शातलं टर्कीचं मोले वाढायला घेतलं तेव्हा तो टेबलाच्या टोकाला बसला होता, हॅट डोक्यावर. ती खुर्ची माकारिओची. वर्षभर तिच्यावर कोणी बसलं नव्हतं, मांजरसुद्धा. पण आबुंदिओ पडला थोरला भाऊ, शिवाय गावचा अध्यक्ष. त्याला ‘तिथे बसू नकोस’ म्हणणारं माणूस याटुनीत जन्माला यायचं होतं, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती.

खरं म्हणजे तसं एक माणूस त्याच्याही आधी जन्माला आलं होतं. त्याची थोरली बहीण फिदेन्सिया. पण ती चुलीपाशी केळीच्या पानांत मक्याच्या पिठाचे तमाले बांधत बसली होती आणि तिचं लक्ष आबुंदिओच्या जावयाकडे होतं.

“रोगासियानो, तिसरा हा. मोजतेय मी.”

“आत्या, चव बघतोय फक्त.”

“गावचा सचिव झालास, पण एकदा चव बघून तुला कळत नाही होय?”

रोगासियानोनं तमाले गिळला आणि हसला. त्याचा स्वभावच तसा. कोणी टोचलं की हसायचं, सासऱ्यानं सांगितलं की लिहायचं. गावात त्याला सगळे ‘होयबा’ म्हणत आणि त्यालाही ते माहीत होतं.

ओतिलिया वाढत होती. ताट आबुंदिओसमोर ठेवताना तिचा हात जरा थांबला. तो काय बोलणार हे तिला ठाऊक होतं, आणि पहिला घास घ्यायच्या आधीच तो बोलला.

“ओतिलिया, उद्या ग्रामसभा आहे.”

“माहितीय, भाऊजी.”

“तुझ्या शेताचा विषय निघणार. मी काढत नाही, नियम काढतोय. माझ्या हातात असतं तर...”

“तुमच्याच तर हातात आहे,” ओतिलिया म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढला.

आमच्याकडे जमीन गावाची असते. जो गावाची सेवा करतो त्याच्याकडे ती कसायला राहते, पोराबाळांना मिळते. सेवेची पहिली पायरी म्हणजे टोपिलकी. टोपिलानं वर्षभर बिनपगारी चौक झाडायचा, घरोघर निरोप पोहोचवायचे, दारुड्यांना धरून कोठडीत नेऊन झोपवायचं. तिथून एकेक पायरी चढत माणूस म्हातारपणी अध्यक्ष होतो. ओतिलियाच्या मुलावर, नाबोरवर, टोपिलकीची वेळ आली तेव्हा तो लॉस एंजेलिसमध्ये एका हॉटेलात स्वयंपाक करत होता. त्याच्याकडे तिथले कागद नव्हते. एकदा इकडे आला की परतीचं दार बंद, आणि दाराच्या पलीकडे बायको आणि दोन मुली. माकारिओ तेव्हा अंथरुणाला खिळलेला. म्हणून ओतिलियानंच मुलाच्या नावानं टोपिलकी केली. पन्नाशी उलटलेली बाई गळ्यात शिट्टी अडकवून चौक झाडायला लागली तेव्हा गाव आधी हसलं, मग सवयीचं झालं, आणि वर्ष संपता संपता तिच्यासारखा टोपिल झाला नाही असं म्हणायला लागलं.

मग माकारिओ गेला, आणि ईस्टरनंतरच्या सभेत आबुंदिओनं नवा नियम आणला. बदली माणसानं केलेली सेवा धरली जाणार नाही, मागची असो की पुढची. ज्याची त्यानं येऊन करावी, नाहीतर जमीन गावाकडे जमा. गावाकडे म्हणजे कोणाकडे, हे सांगायला ज्योतिषी नको होता. माकारिओच्या मक्याच्या शेताच्या वरच्या अंगाला बारमाही झरा आहे, आणि आबुंदिओच्या ट्राउट माशांच्या तळ्यांना पाणी कमी पडत होतं. लोकांनी हात वर केले, पण ते वर करताना सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. आबुंदिओला नाही म्हणणाऱ्याच्या घरचा नळ आटायचा, किंवा पुढच्या श्रमदानात त्याच्या वाट्याला दरीतला रस्ता यायचा.

“मी एक मधला मार्ग आणलाय,” आबुंदिओ म्हणाला. “झरा तेवढा सोड. बाकीचं शेत राहू दे तुझ्याकडे. उद्या विषयच निघणार नाही. घरातली गोष्ट घरात.”

“झरा सोडला तर शेतात काय पेरू? तुमची मेहेरबानी?”

सगळे खाली बघून जेवायला लागले. आबुंदिओची बायको सेनाइदा तेवढी वर बघत होती, नवऱ्याच्या हॅटकडे.

“मग नाबोरला बोलाव,” आबुंदिओ शांतपणे म्हणाला. “टोपिलकी करू दे. शेत त्याचं. मी काय अडवतोय?”

फोन मघापासून भिंतीला टेकवून ठेवला होता, नाबोरला वडिलांसाठीच्या घरच्या प्रार्थना ऐकता याव्यात म्हणून. तो चालूच आहे हे सगळे विसरले होते.

“आई,” फोनमधून आवाज आला, “मी येतो. तिकीट काढतो.”

ओतिलियानं ताट खाली ठेवलं आणि फोन उचलला. “तू येऊन काय करणार? चौक झाडणार? आणि तुझ्या मुलींना कोण बघणार? मी, फोनमधून?”

“पण शेत जाईल गं.”

“शेताचं मी बघते. तू कांदा चीर.” तिनं फोन बंद केला. तिनं हात ॲप्रनला पुसले, कोरडे असूनही.

फिदेन्सिया चुलीपासून उठली. सत्त्याहत्तरीची बाई, पण उठताना कोणाचा हात घेत नसे. “आबुंदिओ, मला एक सांग. ह्या पोरीनं वर्षभर चौक झाडला. खरं ना?”

“झाडला, आक्का. कोण नाही म्हणतंय?”

“आणि ती सेवा नाबोरची नाही.”

“नियमानं नाही.”

“मग गेली कुठे? सेवा झाली हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. नाबोरची नाही म्हणतोस. मग काय घारीनं उचलून नेली?”

“आक्का, कायद्यातलं तुला कळायचं नाही.”

“नाहीच कळत. म्हणून तर विचारतेय.”

आबुंदिओ हसला आणि मोले पुसून खाल्लं. जाताना त्यानं ओतिलियाच्या खांद्यावर हात ठेवला. “सकाळपर्यंत विचार कर. मी काही परका नाही.”

ओतिलिया त्या प्रश्नाला धरून बसली. भांडी घासताना, कोंबड्या कोंडताना, माकारिओच्या फोटोपुढची मेणबत्ती बदलताना तिच्या डोक्यात तेच फिरत होतं. बाईच्या नावावर शेत राहत नाही, कारण बाई टोपिल होत नाही. असंच चालत आलं होतं. पण सेवा जर नाबोरची नाही, तर ती कोणाची तरी असलीच पाहिजे. काही वेळानं ती एकटीच हसली.

*

तिकडे आबुंदिओ आपल्या तळ्यांच्या कडेला उभा राहून मासे बघत होता. ह्या माणसाला आपण दुष्ट आहोत असं कधी वाटलं नाही. याटुनीला पक्का रस्ता त्यानं आणला, बास्केटबॉलच्या मैदानावर पत्र्याचं छप्पर त्यानं घातलं, बँडला नवं ट्युबा वाद्य त्यानं मिळवून दिलं. त्या बदल्यात गावानं जरा ऐकलं तर बिघडलं कुठे? एकदा ऐकायची सवय लागली की लोकांनाही बरं असतं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. आणि झरा ओतिलियाकडे नुसता वाहून जात होता. पाण्यालासुद्धा काही शिस्त हवी.

“उद्या नियम तू वाचशील,” तो रोगासियानोला म्हणाला. “मोठ्यानं.”

“हो मामा.” रोगासियानो घुटमळला. “मामा, एक विचारू? ‘मागची असो की पुढची’ एवढं गाळलं तर चालेल का? पुढचं तेवढं ठेवू.”

“गाळलं तर ओतिलियाची सेवा धरावी लागेल. सगळा झरा त्या शब्दांवर अडकलाय, शहाण्या.”

“नाही, म्हणजे, मागचं उकरायला लागलं की मग कुठवर...”

“तुला कोणी फितवलंय का?”

“छे छे.”

“मग वाच सांगितलेलं.”

रोगासियानोनं नियमाचा कागद घडी करून खिशात घातला. त्यानं आपलं सांगून बघितलं होतं. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं ठरवलेल्या माणसाचा हात धरणार कोण?

सेनाइदा ओट्यावर मासे साफ करत होती. तिनं सगळं ऐकलं आणि सुरी जरा जोरात चालवली. ती याटुनीची नव्हे, ओआहाका शहरातली. आबुंदिओचं आणि तिचं जमलं ते साल तिला चांगलं आठवत होतं. तेव्हा आबुंदिओवर टोपिलकीची वेळ आलेली. छातीत कळा येतात म्हणून तो डॉक्टरला दाखवायला शहरात गेला आणि वर्षभर तिकडेच राहिला. गावात त्याच्या नावानं चौक झाडला तो धाकट्या माकारिओनं. पंधरा वर्षांचा पोरगा, बाह्या दुमडलेला वडिलांचा सदरा घालून. तेव्हा तसं चालायचं. भावासाठी भावानं, मुलासाठी बापानं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि नंतर आबुंदिओ इतका मोठा झाला की आठवण काढायची कोणाची हिंमत उरली नाही.

“अहो,” ती म्हणाली, “झरा राहू द्या ना तिच्याकडे. विधवा बाई आहे. आणि माकारिओनं तुमच्यासाठी काय केलं ते...”

“मासे नीट साफ कर. खवले राहतात तुझ्या हातून.”

चाळीस वर्षं ह्या बाईनं त्याला सावध केलं होतं आणि चाळीस वर्षं खवले राहत आले होते. तिनं हात धुतले. “बरं,” म्हणाली. आमच्या बायका ‘बरं’ म्हणून गप्प झाल्या की पुरुषानं घाबरावं. पण आबुंदिओला तेवढं निरीक्षण कधीच नव्हतं.

*

ग्रामसभा आमच्याकडे बास्केटबॉलच्या मैदानावर भरते. सभासद पायऱ्यांवर, बायका मागे खांबांपाशी, आणि मधल्या गोलात टेबल. टेबलावर अध्यक्षाची काठी, चांदीच्या मुठीची. आबुंदिओला माइक फार आवडायचा. पन्नास पावलांवरच्या माणसाशीसुद्धा तो माइकमधून बोलायचा, आणि आवाज पत्र्याच्या छपरावर आपटून परत आला की त्याला समाधान वाटायचं.

सेनाइदा त्या दिवशी टेबलामागच्या मानाच्या खुर्चीत बसली नाही. सरळ मागे गेली आणि ओतिलिया न् फिदेन्सियाच्या मधे उभी राहिली. आबुंदिओनं ते पाहिलं. त्याला वाटलं, ऊन लागत असेल.

रोगासियानोनं नियम वाचला. शब्द सगळे वाचले, पण मान वर केली नाही. मग ओतिलियाचं नाव घेतलं गेलं आणि ती मैदानावरच्या पांढऱ्या रेषा ओलांडत टेबलापाशी आली. इतक्या माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती. शेत गेलं तर पोरगा तिकीट काढेल, आणि पोरगा आला तर दोन नाती बापाला मुकतील. एवढं एकच तिला दिसत होतं.

“बोल,” आबुंदिओ म्हणाला. “नाबोर येणार का?”

“सांगते. आधी मला नियम नीट समजू दे. नाबोरच्या नावानं चौक कोणी झाडला?”

“तू झाडलास.”

“निरोप कोणी पोहोचवले?”

“तूच. सगळ्यांना माहितीय. पुढे बोल.”

“मग ती नाबोरची सेवा का नाही?”

आबुंदिओनं उसासा टाकला, लहान मुलाला पाढे शिकवताना टाकतात तसा. “कारण नाबोरची पाठ वाकली नाही. नाव कोणाचंही असो, ज्याची पाठ वाकली त्याची सेवा.”

“मागे बायकांना ऐकू गेलं नाही वाटतं, भाऊजी.”

माइक होताच. “ज्याची पाठ वाकली, त्याची सेवा!” छप्पर दणाणलं. “मागची असो की पुढची! कळलं?”

“कळलं,” ओतिलिया म्हणाली. “पाठ माझी वाकली.”

बँडमधल्या ट्युबावाल्यानं फुर्रकन नाकातून हवा सोडली.

“मग सेवा माझी झाली,” ती पुढे बोलली. “म्हणजे मी टोपिल होते. टोपिलकी केलेलं माणूस गावचं सभासद. सभासदाकडे शेत राहतं. तर मग भाऊजी, माझ्या नवऱ्याचं शेत माझ्याकडून कोण घेतंय?”

“बाईमाणूस कधी...”

“नियमात तसं आहे का?” तिनं रोगासियानोकडे पाहिलं.

रोगासियानोच्या एका बाजूला सासरा, दुसऱ्या बाजूला सगळं गाव, आणि आत्या फिदेन्सिया, जिच्या हातचे तमाले तो लहानपणापासून खात आला होता. आयुष्यभर त्यानं एकाच शब्दावर दिवस काढले होते. तो उभा राहिला.

“नाही,” तो म्हणाला. आणि जग बुडालं नाही हे बघून त्याला जरा हुरूप आला. “नियमात बाई-पुरुष काही नाही. फक्त पाठ आहे. पाठ सगळ्यांना असते.”

हशा पिकला. मागे बायकांनी टाळ्या वाजवल्या. आबुंदिओच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं टेबलावर हात आपटला.

“हा काय पोरखेळ आहे? उद्या कोणीही उठेल आणि जुन्या सेवा उकरत बसेल!”

“उद्या कशाला? मी आजच उठलेय,” मागून आवाज आला.

फिदेन्सिया चालत पुढे आली. तिला माइक लागत नसे.

“आबुंदिओ, तू टोपिल कधी होतास?”

“आक्का, तू खाली बस.”

“लहानपणी तुझं नाक पुसलंय मी, मला बसवतोस? सांग ना. कोणत्या वर्षी झाडलास चौक?”

“माझी टोपिलकी झालीय. सगळ्या गावाला माहितीय.”

“झालीय. माकारिओनं केली. बाबांच्या सदऱ्याच्या बाह्या मी दुमडून दिल्या, त्या बोटांच्याही पुढे जायच्या. रडायचा पोरगा सकाळी थंडीत. तेव्हा मला ते गैर वाटलं नव्हतं, भावाभावांचं होतं. पण आत्ता तूच कायदा शिकवलास. पाठ माकारिओची वाकली. मग तुझी सेवा कुठेय?”

“मी आजारी होतो!” आबुंदिओ ओरडला. “छातीत कळा येत होत्या. शहरात उपचार चालू होते.”

“हो, चालू होते,” सेनाइदा म्हणाली. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. ती खांबाला टेकून उभी होती. “आमच्या दुकानात चालू होते. माझे वडील बटणं विकायचे. हे रोज सकाळी यायचे आणि एक बटण विकत घ्यायचे. वर्षभर. माझ्या वडिलांना वाटायचं, ह्या माणसाचा सदरा आहे की जाळं?”

आता जे हसू फुटलं ते आवरेना. म्हातारे एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारत होते. ज्यांना ते साल आठवत होतं ते न आठवणाऱ्यांना सांगत होते. इतक्या वर्षांत आबुंदिओसमोर इतकं मोठ्यानं कोणी हसलं नव्हतं, आणि एकदा हसायला लागल्यावर आपण इतकी वर्षं नक्की कशाला घाबरत होतो हेच कोणाला आठवेना.

आबुंदिओनं बायकोकडे पाहिलं. त्याला राग यायला हवा होता, पण आधी आश्चर्यच वाटलं. ही मला सोडून तिकडे कधी जाऊन उभी राहिली? मग त्याला आठवलं, सकाळीच. आपण पाहिलं होतं.

“ठीक आहे,” तो म्हणाला आणि माइक बाजूला केला. “नियम मागे घेतो. जुनंच चालू दे. ओतिलियाचं शेत तिच्याकडे, विषय संपला.”

हसू तिथंच संपलं. पायऱ्यांवरून बेकरीवाला त्रांकिलिनो उठला. तो मोठ्यानं बोलणाऱ्यातला नव्हता.

“माझ्या पोराचं काय?” तो म्हणाला. “त्याची टोपिलकी मी केली होती. तुम्ही म्हणालात चालणार नाही. तो शिकागोहून आला. आता दोन वेळा वाळवंटातून परत जायला गेला आणि दोन्ही वेळा पकडला गेला. त्याची बायको तिकडे बाळंत झाली. तेव्हा मी तुमच्या चावडीत येऊन म्हणालो होतो, नियम मागे घ्या. आठवतंय?”

आबुंदिओला आठवत होतं. त्या दिवशी त्यानं ह्या माणसाला दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं होतं आणि मग उद्या या म्हणून सांगितलं होतं.

“नियम गावानं केलाय,” त्रांकिलिनो म्हणाला. “मागे घ्यायचा तर गाव घेईल. तुम्ही टोपिल होऊन गेल्यावर.”

कोणीतरी म्हणालं, मत घ्या. रोगासियानोनं विचारलं, आबुंदिओनं येत्या वर्षी स्वतः टोपिलकी करावी, नाहीतर त्याची तळी आणि जमीन गावाकडे जमा व्हावी, हे कोणाकोणाला मान्य आहे? हात वर गेले. ह्या वेळी कोणी बुटांकडे बघत नव्हतं. आबुंदिओनं जावयाकडे पाहिलं. रोगासियानोनं डोळे गच्च मिटले होते, पण हात पार सरळ वर होता.

ओतिलियानंही हात वर केला. जरा उशिरा, कारण आपल्यालाही मत आहे हे तिला शेजारच्या माणसानं सांगावं लागलं.

“पण मी अध्यक्ष आहे,” आबुंदिओ म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता.

“पहिली पायरी न चढता शेवटच्या पायरीवर कसा पोहोचलास, तेच कळत नाही बघ,” फिदेन्सिया म्हणाली. “काठी ठेव. झाडू तिकडे आहे.”

त्यानं काठी ठेवली. सावकाश ठेवली, आवाज न होऊ देता. त्याच्या बहिणीला त्या क्षणी त्याची दया आली, आणि ती तशीच उभी राहून त्याला मैदान ओलांडून घरी जाईपर्यंत बघत राहिली.

दुपारी नाबोरचा फोन आला. “आई, काय झालं?”

“शेत आपलंच आहे. माझ्या नावावर. आणि तुझा काका टोपिल झाला.”

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज.

“आई, तुला ताप आलाय का?”

“मला काही नाही रे. त्यांना येईल, जानेवारीत. पहाटे फार गारठा असतो चौकात.”

*

पहिले काही दिवस आबुंदिओ घराबाहेर पडला नाही. सगळ्यांना वाटलं, तळी सोडेल पण झाडू धरणार नाही. सेनाइदानं त्याची समजूत घातली नाही. तिनं फक्त टोपिलाला रात्री चावडीत झोपायला लागणारी घोंगडी उन्हात घातली आणि एक जुना सदरा काढून बटणं पक्की करत अंगणात बसली. वर्ष उजाडलं तेव्हा गळ्यात शिट्टी अडकवून तो चौकात आला. पहिल्याच दिवशी त्यानं वाऱ्याच्या विरुद्ध झाडलं, आणि सगळा कचरा परत येऊन त्याच्या पायात पडला. रोगासियानो चावडीच्या खिडकीतून बघत होता. त्यानं बाहेर जाऊन सासऱ्याला झाडू कसा धरायचा ते दाखवलं.

त्या महिन्याच्या सभेचे निरोप घेऊन आबुंदिओ आमच्या वरच्या आळीत आला. ओतिलियाच्या दारात उभं राहून त्यानं शिट्टी वाजवली.

“ओतिलिया, सभा आहे. ये.”

ती दारात आली. अंगावर शाल होती. “टोपिलानं असं नाही बोलवायचं, भाऊजी.”

“मग कसं?”

“हॅट काढायची. आणि म्हणायचं, सभासद ओतिलिया, गाव तुम्हाला बोलावतंय.”

त्यानं हॅट काढली. थंडीनं त्याचे कान लाल झाले होते. “सभासद ओतिलिया,” तो म्हणाला, मग घसा खाकरून पुन्हा, “गाव तुम्हाला बोलावतंय.”

“येते.” ती आत गेली आणि कॉफीचा वाफाळता कप घेऊन आली. त्यानं कपाकडे नुसतं पाहिलं.

“मी कॉफी प्यायला आलो नाही.”

“घ्या. टोपिलाला प्रत्येक घरातून एक कप द्यायचा असतो. नाहीतर ह्या गारठ्यात निरोप घेऊन कोण हिंडेल?”

“मला कोणी सांगितलं नाही हे.”

“टोपिल झाल्यावरच कळतं.”

त्यानं दोन्ही हातांनी कप धरला. बोटं बधिर झालेली, त्यामुळे थोडी कॉफी सांडली. तो प्यायला. अर्धा कप झाल्यावर त्यानं विचारलं, “तुझ्या वर्षी तुला सगळ्यांनी दिली?”

“सगळ्यांनी दिली. एक घर सोडून.”

कोणतं घर ते त्यानं विचारलं नाही. उरलेली कॉफी संपवली, अंगणातल्या नळावर कप विसळला आणि कठड्यावर पालथा ठेवला. हॅट घालावी की हातात ठेवावी हे त्याला कळेना. शेवटी हातातच घेऊन तो निघाला.

ओतिलिया दारातून बघत होती. पुढचं घर बेकरीचं. तिथे पोचायला त्याला बराच वेळ लागला, चढ मोठा नव्हता तरी. त्यानं शिट्टी वाजवली.

“सभासद त्रांकिलिनो,” ह्या वेळी त्याला सगळं बरोबर आठवलं, “गाव तुम्हाला बोलावतंय.”

दार उघडलं नाही. आत कोणीतरी चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. आबुंदिओ खाली मान घालून उभा राहिला. परत शिट्टी वाजवायचं त्याला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही. मग कडी निघाली. आधी वाफा येणारा कप बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग त्रांकिलिनो.